साक्ष आणि शाबिती

प्रस्तावना

ज्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस उजनीच्या जलाशयाचे पाणी तळाकडे जाऊ लागते, त्या वर्षी इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव भीमेच्या पात्रातून पुन्हा वर येते. आधी पळसनाथाच्या मंदिराचे शिखर, मग सभामंडपाचे खांब, आणि सरतेशेवटी, गाळ वाळून त्याला भेगा पडू लागल्या म्हणजे, देवळाच्या आसमंतात इतस्ततः पडलेले वीरगळ आणि सतीशिळा. अशाच एका उन्हाळ्यात प्रस्तुत पुस्तकाचे लेखक आणि मी, दोघेही वयाने उतरणीला लागलेले, चपला हातात घेऊन त्या भेगाळलेल्या गाळातून मंदिरापर्यंत गेलो होतो. लेखक हे माझे चाळीस वर्षांचे स्नेही. त्यांना सारे गाव मास्तर म्हणते आणि मीही तेच म्हणतो. मास्तर एका शिळेपाशी खाली बसले, उपरण्याच्या टोकाने त्यांनी तिच्यावरचा सुकलेला चिखल पुसला, आणि एकेक कप्पा उघडा होऊ लागला. तळाशी आडवा पडलेला वीर व त्याच्या उशाशी गुरे. त्याच्यावर त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर. आणि माथ्यावर सूर्य, चंद्र व कलश. अक्षर एकही नाही. नाव नाही, शक नाही, कोणाशी लढला तेही नाही.

“वकीलसाहेब, हा साक्षीदार बघा,” मास्तर म्हणाले.

मी म्हणालो, “साक्षीदार खरा, मास्तर. पण हा साक्ष कशाची देतो?”

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी त्या दिवशी दिले नाही. पुढची काही वर्षे ते देत राहिले, आणि त्या उत्तराचेच आता हे पुस्तक झाले आहे. मास्तरांचा जन्म बारामतीच्या ख्रिस्ती कुटुंबातला. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ क्राइस्ट या पंथाच्या मिशनऱ्यांनी बारामतीस जे कार्य सुरू केले, त्याच्या छायेत त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले. मी वैदिक घराण्यातला, बारामतीच्या कचेरीत उभी हयात वकिली केलेला, आणि श्रद्धेच्या बाबतीत पूर्वजांइतका दृढ नसलेला मनुष्य. आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांवर त्यांनी दिलेल्या व्याख्यानांना मी श्रोता म्हणून बसत असे आणि व्याख्यान संपल्यावर प्रतिपक्षाचा वकील म्हणून उठत असे. अशा मनुष्याला प्रस्तावना लिहावयास सांगणे हे त्यांच्या मोठ्या मनाचे द्योतक आहे. आणि मी ती लिहितो आहे ती त्यांच्या पक्षाचे समर्थन करण्यासाठी नसून, ज्या प्रश्नाने त्यांचे आयुष्य व्यापले तो प्रश्न वाचकापुढे त्याच्या पूर्ण भारासह यावा, एवढ्याचसाठी.

प्रश्न थोडक्यात असा. येशूच्या मृत्यूनंतरच्या सुमारे तीन शतकांत रोमन साम्राज्यात कित्येक ख्रिस्ती स्त्रीपुरुषांनी आपला धर्म सोडण्याऐवजी मरण पत्करले. त्यांचे हे मरण त्यांच्या धर्माच्या सत्यतेचा पुरावा ठरतो काय?

प्रथम शब्दाकडेच पाहावे, कारण या विषयात अर्धे भांडण शब्दाने लावलेले आहे. ग्रीक भाषेत ‘मार्टुस्’ म्हणजे केवळ साक्षीदार, चावडीवर उभा राहून पाहिले ते सांगणारा. ख्रिस्ती लोकांच्या वापरात हा शब्द हळूहळू प्राण देणाऱ्याचा वाचक झाला. अरबीत नेमके हेच घडले. ‘शहीद’ या शब्दाचे मूळही साक्ष देण्यातच आहे. आपण मराठीत ज्याला हुतात्मा म्हणतो त्या शब्दात मात्र साक्षीचा गंधही नाही. तो यज्ञातून आला, अग्नीत पडणाऱ्या आहुतीतून. आहुती खरी की खोटी असे कोणी विचारीत नाही. ती शुद्ध होती की नाही आणि कोणत्या देवतेला दिली एवढेच विचारतात. यामुळे मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न पाश्चात्त्य वाचकाच्या मनात उठतो तितक्या सहज उठत नाही, आणि मास्तरांनी ‘हुतात्मा’ हा रूढ शब्द टाकून पुस्तकभर ‘रक्तसाक्षी’ हा मराठी ख्रिस्ती मंडळींचा शब्द वापरला आहे, त्याचे मर्म इथे आहे. त्यांना दावा साक्षीचा करावयाचा आहे. आणि दावा साक्षीचा असेल, तर तो साक्षीच्या नियमांनी तपासला गेला पाहिजे, हे माझे म्हणणे त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केले.

मास्तरांच्या पक्षाचे बळ त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडतो. मनुष्य असत्यासाठी मरतो हे खरे, पण ते असत्य आहे हे ठाऊक असताना मरत नाही. दुसऱ्याने फसवलेला माणूस फाशी जाईल. स्वतः कुभांड रचणारा, फास गळ्याशी आला की बहुधा कबुली देईल. येशूच्या प्रथम अनुयायांचे म्हणणे असे की मेलेला येशू आम्ही जिवंत पाहिला. हे म्हणणे त्यांनी रचलेले असेल, तर ते रचलेले आहे हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होते; आणि तरीही ते त्यासाठी मेले. म्हणून त्यांनी ते रचलेले नव्हते.

या युक्तिवादाला मी कधीही हलका लेखले नाही. लबाडीचा आरोप तो खरोखरच पुसून टाकतो, आणि ज्या काळात धर्मसंस्थापक म्हणजे धूर्त पुरोहित असे समीकरण सुशिक्षितांच्या जिभेवर असे, त्या काळात एवढे केले तरी पुष्कळ होते. पण मी वकील असल्यामुळे मला दोन निरनिराळे कागद एकाच फायलीत लावलेले दिसले, की ते सुटे करावेसे वाटतात. रक्तसाक्षींच्या बाबतीत दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: साक्षीदाराने घटना स्वतः पाहिली होती, आणि साक्ष मागे घेतली असती तर त्याचा जीव वाचला असता. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा अत्यंत विश्वसनीय पुरावा उपलब्ध आहे, आणि तो ख्रिस्ती मंडळींनी नव्हे तर त्यांना शिक्षा देणाऱ्यानेच लिहून ठेवला आहे. सुमारे इ. स. ११२ मध्ये बिथिनिया-पाँटस प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजन याला धाडलेला खलिता आपल्याकडील एखाद्या दक्ष कलेक्टराने सरकारकडे मार्गदर्शनार्थ पाठवलेल्या पत्राची आठवण करून देतो. या लोकांना मी तीनदा विचारतो, शिक्षेची ताकीद देतो, आणि तरीही जे हट्ट सोडीत नाहीत त्यांना देहदंडास पाठवतो. ज्यांनी देवांना आवाहन केले, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य वाहिले आणि ख्रिस्ताची निंदा केली त्यांना सोडतो. माझे बरोबर आहे ना, असा त्याचा आशय. ट्राजनचे उत्तरही तितकेच शांत: शोधून काढू नका, निनावी अर्जांवर कारवाई करू नका, मुकरला त्याला माफ करा. म्हणजे पर्याय खरोखर होता. चिमूटभर धूप आणि घरचा रस्ता.

पण प्लिनीच्या कचेरीत उभे असलेल्यांपैकी कोणीही येशूला पाहिलेले नव्हते. स्मर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प, ज्याने शहाऐंशी वर्षांच्या सेवेचा दाखला देऊन आपल्या धन्याची निंदा करण्यास नकार दिला आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यास प्राण दिला, त्याची श्रद्धा त्याला परंपरेने मिळालेली होती. इ. स. २०३ मध्ये कार्थेजच्या रंगभूमीवर श्वापदांपुढे लोटलेली पर्पेट्वा, अंगावर पिणारे मूल असलेली बावीस वर्षांची सुखवस्तू घरातली बाई, जिने बंदिवासातली हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली, तिची श्रद्धाही ऐकीव. ‘ऐकीव’ हा शब्द मी हिणवण्यासाठी वापरीत नाही; पुराव्याच्या कायद्यात त्याला नेमका अर्थ आहे, आणि जे स्वतः पाहिले त्याचीच तोंडी साक्ष ग्राह्य हा नियम मुन्सफाच्या कोर्टातल्या कारकुनालाही पाठ असतो. उलट ज्यांनी पाहिले असे म्हणता येईल त्यांच्यापैकी जब्दीचा मुलगा याकोब याला हेरोद अग्रिप्पाने तरवारीने मारल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. पेत्र आणि पौल यांच्या छळाचा उल्लेख पहिल्या शतकाच्या अखेरचे रोमच्या क्लेमेंटचे पत्र करते. बाकीच्या बहुतेक प्रेषितांच्या मरणाच्या कथा पुष्कळ उत्तरकालीन आहेत. आणि याकोबाला ‘आपले म्हणणे मागे घे, तुला सोडतो’ असे हेरोदाने विचारल्याचा शब्दही त्या वृत्तान्तात नाही. जिथे पर्यायाचा पुरावा पक्का तिथे प्रत्यक्षदर्शी नाही. जिथे प्रत्यक्षदर्शी, तिथे पर्यायाचा पुरावा नाही. हे दोन कागद एकत्र टाचल्याने तिसरा कागद तयार होत नाही.

मास्तरांनी हा आक्षेप या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात माझ्यापेक्षाही स्वच्छ शब्दांत मांडला आहे आणि पूर्णपणे मान्य केला आहे. श्रद्धावान लेखकाने आपल्याच पक्षाचा एक बुरूज असा आपल्या हाताने उतरवावा, हे मी अलीकडच्या धार्मिक वाङ्मयात फारसे पाहिलेले नाही.

तथापि कायद्यानेच मरणाऱ्याच्या शब्दाला एक विशेष मान दिलेला आहे, आणि मास्तर मला त्याची आठवण वारंवार करून देत. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाने, आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही, मृत्युपूर्व जबाब ग्राह्य धरला आहे. शपथ नाही, उलटतपासणी नाही, तरी ग्राह्य. त्यामागची जुनी समजूत अशी की परमेश्वरापुढे जाताना तोंडात खोटे घेऊन कोणी जात नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की मृत्युपूर्व जबाबाच्या पोटकलमाखाली मृताचा शब्द ग्राह्य ठरतो तो त्याच्या मरणाच्या कारणाविषयी व त्या प्रसंगाच्या परिस्थितीविषयी. शेवटच्या श्वासासोबत त्याने शेजाऱ्याच्या सात-बाऱ्याविषयी काही सांगितले, तर या पोटकलमाचा आधार त्याला मिळत नाही. रक्तसाक्षीचे मरण आपण का मेलो हे अत्यंत विश्वसनीयपणे सांगते. आकाश आणि पृथ्वी कोणी निर्माण केली हा त्या जबाबाचा विषय नव्हे.

दुसरी गोष्ट मी पुस्तकात शिकलो नाही. वकिलीच्या आरंभीच्या काळात एका भाजलेल्या तरुण बाईचे प्रकरण माझ्याकडे आले होते. रुग्णालयात तिचे दोन जबाब झाले. पहिल्यात तिने सांगितले, स्टोव्हचा भडका उडाला, कोणाचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी, आई पोहोचल्यावर, तिने सांगितले ते वेगळे होते, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. दोन्ही जबाब मरणाच्या दारातले. दोन्हींच्या खाली तिच्या अंगठ्याचा ठसा, म्हणजे जळालेल्या कातडीचा एक धूसर डाग. पहिल्या जबाबाच्या वेळी तिची लहान मुलगी सासूच्या कडेवर खोलीबाहेर उभी होती, हे मला पुढे कळले. मरणारे माणूस खोटे बोलत नाही हे मी तेव्हापासून म्हणू शकलो नाही. मरणारे माणूस प्रेमाने बोलते, भीतीने बोलते, कोणाला तरी वाचवण्यासाठी बोलते. मरण माणसाला लोभातून मोकळे करते. मायेतून नाही, आणि चुकीतून तर मुळीच नाही.

याच तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडेही पाहावे. कचेरीत साक्षीदार फितूर होतात. दबावाने, पैशाने, कधी केवळ थकून. साक्षीदार फितूर झाला म्हणून खून झालाच नव्हता असे कोणी म्हणत नाही. प्लिनीपुढे आलेल्यांपैकी काहींनी सांगितले की आम्ही ख्रिस्ती होतो खरे, पण तीन वर्षांपूर्वी सोडले, कोणी वीस वर्षांपूर्वी. त्यांच्या सोडण्याने तो धर्म असत्य ठरला काय? मास्तर म्हणतील, मुळीच नाही. मग धर्म न सोडणाऱ्यांच्या न सोडण्याने तो सत्य कसा ठरावा? फितुरी जर घटनेविषयी काही सांगत नसेल आणि फक्त साक्षीदाराच्या काळजाविषयी सांगत असेल, तर दृढताही काळजाविषयीच सांगते.

आपल्या पूर्वजांना शरीराच्या वेदनेतून सत्य काढण्याचा हा मोह नवा नव्हता. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे, सुपे, इंदापूर या मुलखात, आणि एकंदर महाराष्ट्रात, वतनाचे तंटे कागदोपत्री व गोतसाक्षीने तुटले नाहीत म्हणजे दिव्याची पाळी येई. रवा दिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा. मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करावयाची, आणि ठरल्या दिवशी गोतापुढे पिशवी उघडून पाहावयाचे. हात चांगला तो खरा, फोड आले तो खोटा. महजरावर तसे लिहिले जाई आणि पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या त्याप्रमाणे चाले. तिथे न भाजणारा खरा ठरे, इथे भाजून घेणारा. या दोन कल्पना परस्परविरुद्ध असूनही मनाच्या एकाच कोपऱ्यात सुखाने नांदतात, याचे उदाहरण पॉलिकार्पच्या वृत्तान्तातच आहे: त्याच्याभोवती पेटवलेला अग्नी जहाजाच्या शिडासारखा फुगून उभा राहिला व त्याला भाजीना, म्हणून शेवटी खंजीर चालवावा लागला, असे तो वृत्तान्त सांगतो. म्हणजे लिहिणाऱ्याला धैर्य पुरेसे वाटले नाही; त्याला दिव्यही हवे होते. आपल्या दिव्यांच्या कागदांशी परिचय असलेल्या मराठी वाचकाने हे पान जरा थांबून वाचावे.

आता घराजवळ येऊ. महाराष्ट्राच्या भूमीला ख्रिस्ती रक्तसाक्षी अपरिचित नाहीत. १३२१ मध्ये ठाण्यास तोलेंतिनोचा थॉमस व त्याचे तीन सोबती काझीशी झालेल्या धर्मविवादानंतर मारले गेले, आणि वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांसह क्रुसावर भाल्यांनी विद्ध झाला, १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. वसईच्या मातीतला हा माणूस मास्तरांना फार प्रिय आहे व त्यांनी त्याच्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. पण माझे मन थांबते ते गोव्यातल्या कुंकळ्ळीपाशी.

१५८३ च्या जुलैत रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्याचे चार जेसुइट सहकारी चर्चसाठी जागा पाहावयास व क्रूस उभारावयास कुंकळ्ळी गावात गेले. आक्वाविवा काही लहानसहान माणूस नव्हता. अकबराच्या दरबारात, फत्तेपूर सिक्रीस, तीन वर्षे धर्मचर्चा करून तो नुकताच परतला होता. त्या मुलखातली देवळे पोर्तुगीजांनी त्याआधीच उद्ध्वस्त केली होती. गावकऱ्यांच्या छातीत ती आग होती. पाचही जण, त्यांच्यासोबतच्या काही देशी ख्रिस्ती माणसांसह, तिथे मारले गेले. प्रतिकारासाठी त्यांनी हात उचलला नाही असे सांगतात. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावचे प्रमुख गावकर बोलणीच्या निमित्ताने आसोळणेच्या किल्ल्यात बोलावले. सोळा जण गेले. एक निसटला, बाकीचे चौकशीवाचून कापले गेले. गावची शांतादुर्गा फातर्प्यास गेली ती आजही कुंकळ्ळीकरीण म्हणून ओळखली जाते. रोमने १८९३ मध्ये त्या पाच जेसुइटांना धन्य म्हणून घोषित केले. गावकरांचे स्मारक व्हावयास त्यानंतरही पुष्कळ काळ जावा लागला. आज त्याच एका गावात दोन्ही स्मृती उभ्या आहेत. दोघेही आपापल्या देवासाठी मेले. रक्त जर शाबिती असेल, तर कुंकळ्ळीच्या मातीत परस्परविरुद्ध दोन दावे शाबीत झाले असे म्हणावे लागेल.

त्या पाच जणांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देणाऱ्यांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट होता, आणि मराठी माणसाला या नावापुढे क्षणभर थांबावेच लागते. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा, १६१६ मध्ये ते छापणारा, मराठीची थोरवी मनापासून ओळखणारा फादर स्टीफन्स तो हाच. आपल्या सहकाऱ्यांचे छिन्न देह ज्याने पाहिले, त्याने त्याच लोकांच्या भाषेत, त्यांच्या परिचित ओवीत, त्यांच्या पुराणकथनाच्या रीतीने, हजारो ओव्या रचून आपला धर्म सांगितला. ते मेले म्हणून हे खरे, एवढ्यावर भागत असते तर ग्रंथ लिहिण्याचे कारण नव्हते. तो सांगत बसला, समजावत बसला, श्रोत्याच्या शंका तोंडी घालून त्यांना उत्तरे देत बसला. मरण आणि युक्तिवाद यांतला फरक त्याने आपल्या कृतीनेच मान्य केला, असे मला वाटते. आणि गंमत नव्हे, गंभीरपणे सांगतो: मास्तरांच्या पुस्तकातले सर्वांत सुंदर प्रकरण स्टीफन्सवरचे आहे, रक्तसाक्षींवरचे नाही.

हा न्याय एकट्या ख्रिस्ती धर्माला लावून भागणार नाही. इंदापूरच्या रणात मालोजीराजे भोसले पडले. त्यांनी वेरूळच्या घृष्णेश्वरावर आणि शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवावर भक्ती केली, आणि अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली. ते लढले निजामशाहीच्या मिठासाठी. त्यांच्या मरणाने कोणता धर्म सिद्ध करावयाचा? १६८९ मध्ये संभाजीराजांनी औरंगजेबाच्या छावणीत जे मरण सोसले त्याने मराठ्यांच्या निश्चयाला असा पीळ दिला की पुढे अठरा वर्षे, तो बादशहा या भूमीत मरेपर्यंत, तो सुटला नाही. ते मरण आम्हांला पूज्य आहे, आणि पूज्य असण्यासाठी त्याला कोणत्याही तत्त्वज्ञानाची शाबिती होण्याची गरज नाही. आणि जे स्वतःला श्रद्धेच्या पलीकडे समजतात त्यांनाही हाच नियम. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर गोळ्यांनी पडले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे शासनाचे उंबरे झिजवले, त्याचा अध्यादेश त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांत निघाला व डिसेंबरात कायदा संमत झाला. त्या चार दिवसांत कायद्याच्या बाजूचा एकही नवा युक्तिवाद जन्मला नव्हता. युक्तिवाद होते तेच होते. ऐकणाऱ्यांचे कान बदलले होते. दाभोलकर स्वतः हे सर्वांआधी सांगते: माझे म्हणणे तपासा, माझे रक्त नव्हे.

संत ऑगस्टीन, ज्याच्या धर्मनिष्ठेविषयी कोणी शंका घेणार नाही, त्यालाही हे म्हणावे लागले होते. त्याच्या काळी उत्तर आफ्रिकेत डोनाटस्पंथी ख्रिस्ती स्वतःला हुतात्म्यांची मंडळी म्हणवून घेत आणि आपल्या मृतांकडे बोट दाखवीत. ऑगस्टीनने त्यांना वारंवार सुनावले की रक्तसाक्षी बनवतो तो दंड नव्हे, ज्यासाठी दंड झाला ते कारण. मरणाची किंमत कारणावरून ठरते, असे एकदा मानले की कारण मरणाच्या आधी तपासावे लागते, आणि मग मरणाला कारणाचा पुरावा करता येत नाही.

एवढे सगळे बोलून झाल्यावर, एका संध्याकाळी कऱ्हेच्या काठी, मोरोपंतांच्या गावात, मास्तरांनी मला जे उत्तर दिले ते त्यांच्या पुस्तकात नाही, म्हणून इथे नोंदवतो. ते म्हणाले, “वकीलसाहेब, तुमच्या कोर्टात साक्षीनंतर निकाल येतो. पण साक्षीआधी काय येते? पुकारा. शिपाई बाहेर येऊन नाव पुकारतो. आमचे रक्तसाक्षी एवढेच करतात. पुकारा करतात. आत जायचे की नाही ते तुमच्यावर.” मी याला उत्तर दिले नाही, कारण मला ते मान्य होते. ज्यासाठी एखादी तान्ह्या मुलाची आई श्वापदांपुढे जाते, ते उघडून पाहण्याचीही ज्याला इच्छा होत नाही, त्याची बुद्धी निःपक्षपाती नव्हे, निबर आहे. मरण शाबिती नसेल. दखलपात्र ते आहेच. आणि मारणाऱ्याविषयी तर माझ्या मनात कधीच संदेह नव्हता: मरणारा निदान आपली निष्ठा शाबीत करतो, मारणारा काहीही शाबीत करीत नाही.

मास्तरांच्या आजोबांना ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती रक्तसाक्षींमुळे नव्हे. आमच्या जिरायत भागात ख्रिस्ती मंडळींचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी येते ते शाळेमुळे, दवाखान्यामुळे, आणि गेल्या शतकाच्या सातव्या दशकातल्या दुष्काळात कामाच्या मोबदल्यात गहू आणि तेल देऊन बांधलेल्या पाझर तलावांमुळे. जगून दिलेली ही साक्ष मास्तरांनी एका परिच्छेदात उरकली आहे. माझी त्यांच्याविषयी हीच एक तक्रार.

पुस्तकाचे शेवटचे प्रकरण मात्र माझ्या आग्रहाने लिहिले गेले, आणि ते आहे न मेलेल्यांविषयी. इ. स. २५० मध्ये सम्राट डेशियसने फर्मान काढले की साम्राज्यातील सर्वांनी देवांना बळी अर्पून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत त्या दाखल्यांपैकी काही जसेच्या तसे सापडले आहेत. त्यांतल्या एकाची नक्कल मास्तरांनी करून मला दिली. ती माझ्या मेजाच्या काचेखाली आहे. अर्जदार ऑरेलियस डायोजिनीस, सटाबूसचा मुलगा, अलेक्झांडरचे बेट या गावचा. मी देवांना नेहमीच बळी देत आलो, आताही आपल्या समक्ष फर्मानाप्रमाणे दिला, प्रसाद भक्षण केला, तरी आपण खाली तसे प्रमाणित करावे, अशी विनंती. पुढे अधिकाऱ्याची सही. दाखला देताना इसम ओळखता यावा म्हणून कारकुनाने, आपले कारकून आजही लिहितात तसेच, वय आणि शरीरावरची खूण लिहिली आहे: वय ७२, उजव्या भुवईवर व्रण.

हा म्हातारा ख्रिस्ती होता की नव्हता, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही.

बारामती